हवाबंद डब्यात ठेवूनही बोटीवरची यंत्रं हिवाळ्यात का बंद पडतात?

तुमची बामणोलीला लाँच आहे. फिश फाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र) आणि वॉकीटॉकी हवाबंद डब्यात, सोबत तांदळाची पुरचुंडी. तरी पावसाळाभर नीट चाललेलं सामान डिसेंबरात मान टाकतं. साताऱ्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, असलं एखादं गिऱ्हाईक दर हिवाळ्यात येतंच.

पावसाला बोल लावू नका, घात दवाने होतो. थंडीत शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, डबा दुपारी उन्हात तापतो आणि पहाटे धुक्यात गार पडतो. ३० अंशांना एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना जेमतेम १७. उरलेल्या वाफेचं पाणी होतं, गरम पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला सुटतं तसंच. शिवाय गार हवा आकसते आणि रबराच्या बारीक फटीतून बाहेरची ओल आत ओढून घेते. रोज थोडी थोडी. डब्यावर पाणी-धूळ आत शिरत नसल्याचा 'आयपी ६७' हा शिक्का असतो खरा, पण ती परीक्षा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची, हिवाळाभर श्वास घेण्याची नव्हे.

मीही यात तोंडावर आपटलोय. एका लाँचच्या डब्याच्या फटी हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या सिलिकॉनने ठासून भरल्या. दोन महिन्यांनी उघडला तर तळाला चमचाभर पाणी, आणि पीसीबीवर (आतल्या सर्किटच्या पाटीवर) कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा हिरवा कळंक. त्या सिलिकॉनला सुकताना जो आंबट वास येतो तो ॲसिटिक ॲसिडचा, आणि ते तांबं खातं. घ्यायचं तर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलंच घ्या.

आता मी उलटं करतो. डब्याच्या तळाला ३-४ मिलिमीटरचं भोक, आतून बारीक जाळी (नाहीतर मुंग्या घर करतात, अनुभव आहे). तार खालूनच आत घ्यायची, तीही आधी झोल देऊन, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून जातं. आणि आत थोडी ऊब. १२ व्होल्टवर ४७ ओहमचा, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला की ३ वॅट उष्णता मिळते. डबा बाहेरच्यापेक्षा थोडा उबदार राहिला तरी आत दव धरत नाही. रात्रीच्या बारा तासांत बॅटरीतून ३ अँपिअर-तास जातात, तेवढं परवडतं. फ्यूज मात्र हवाच, आणि रेझिस्टर प्लास्टिकला टेकू देऊ नका. वॉकीटॉकी रात्री घरी न्यायचे, त्यांना ही ऊब नको.

घरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल चालेल. भोकाच्या डब्यात ते वाया जातं. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. ११०-१२० अंशांना तापवले की परत कामाला येतात, पण निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. मी नारिंगी वापरतो. तांदळाची खिचडी करा.

बंद पडलेला फिश फाइंडर आधी बॅटरीपासून सोडवा. ओलीत वीज चालू राहिली की तांबं फार लवकर झिजतं. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन कळंक काढा, पूर्ण वाळू द्या आणि ॲक्रिलिक कोटिंगचा फवारा मारा. कनेक्टरवर आधी चिकटपट्टी लावा. एकाने तसाच फवारा मारून आणला होता, त्याचा प्लग घासण्यात माझी अख्खी दुपार गेली.