पहिली खुर्ची तुझी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नाशकात तुमचा गट प्रायोगिक आवाजांचे जे कार्यक्रम करतो, त्यांना पहिल्या संध्याकाळी चाळीस जण आले, पाचव्या वेळी अकरा आणि त्यांतले सात तुमच्याच गटातले. म्हणून आता मध्ये दोन ओळखीची गाणी घालावीत का, गंगापूर रोडवरच्या एखाद्या दुकानदाराला प्रायोजक करावे का, की सगळे स्नेहसंमेलनात मिसळून टाकावे, असे तू विचारतोस. ते प्रश्न तूर्त बाजूला राहू देत. मला दोन दिवस छळत राहिले ते तुझे शेवटचे वाक्य : "काकू, मला स्वतःला एकही प्रयोग पूर्ण ऐकायला मिळाला नाही, मी दाराशीच होतो."

अरे, मग तू चालवतोस तरी काय?

आपल्याकडची बैठक आठवून पाहा. गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की नवख्याचीही मान हलते, तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेला भिडणारा तुकडा, सुटली की हात आपोआप मांडीवर पडतो आणि "वा" कुठे म्हणायचे हे लय सांगते. तुमच्याकडे सम नाही. एक मुलगी वीस मिनिटे पत्र्यावर वाळू ओतते, एक मुलगा स्पीकरसमोर माइक धरून त्याची शीळ वरखाली करतो. त्यात कुठे थांबायचे, कुठे श्वास घ्यायचा, हे ऐकणाऱ्याला कोणीही शिकवलेले नाही. अशा वेळी तो शेजारच्याकडे पाहतो, आणि शेजारचा आयोजकाकडे. आयोजक दाराशी मोबाइलवर बोलत असला, तर हे ऐकण्यासारखे नाही असा निरोप सगळ्या खोलीला पोहोचतो. तुझे श्रोते कार्यक्रम नीरस म्हणून गेले असतील, हे मी मान्य करत नाही. त्यांना सोबत मिळाली नाही, म्हणून ते गेले.

हे मी कुठे शिकले ते सांगते. 1994 साली जुन्या नाशकात एका वाड्याच्या चौकात आम्ही अशीच एक संध्याकाळ केली होती. आमच्यातला एक मित्र तांबटांच्या ठोक्यांत वाढलेला. ठोकून ठोकून तांबे कडक होत जाते तसा त्याचा आवाज चढतो आणि भट्टीत तापवून काढले की पुन्हा मऊ पडतो, हे त्याला शाळेत जाण्याआधीपासून कानाने ठाऊक होते. त्याने आजीचे तांब्याचे घंगाळ आणले, त्याच्या पोटाला रुपयाएवढी पितळी पायझो चकती, म्हणजे कंप टिपणारा साधा माइक, चिकटपट्टीने लावली, दोन तारा अॅम्प्लिफायरला जोडल्या, आणि घंगाळात थोडे थोडे पाणी ओतत काठावर बोटांनी वाजवू लागला. पाणी वाढेल तसा स्वर खाली उतरतो. इतके मला ठाऊक आहे, कारण तालमीच्या वेळी मी दोन मिनिटे थांबले होते. प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी मी गल्लीत मंडपवाल्याशी हिशोब करत होते. नंतर घंगाळ पुसता पुसता त्याने विचारले, "कसे झाले?" मी म्हणाले, "छान." त्याने माझ्याकडे नुसते पाहिले, आणि उरलेले पाणी तुळशीला घातले. पुढे तो अंबडच्या एका कारखान्यात लागला. त्याने पुन्हा कधी वाजवले नाही.

मंडपवाल्याचे पैसे कोणी तरी द्यायलाच हवे होते. शेजारच्या आजोबांची समजूत काढायलाच हवी होती, आणि ती मी काढली नसती तर ती संध्याकाळ मध्येच बंद पडली असती. हे मी स्वतःला इतक्या वर्षांत शेकडो वेळा सांगितले आहे, आणि ते खोटेही नाही. पण ती सगळी कामे दुपारी होण्यासारखी होती, आणि ऐकण्याचे काम मात्र त्याच वीस मिनिटांत होण्यासारखे होते. तेव्हापासून मी ज्या ज्या कार्यक्रमाला हात लावला, तिथे पहिल्या आवाजापासून शेवटच्यापर्यंत समोर बसले. एकदा प्रमुख पाहुणे उशिरा आले, मी स्वागताला उठले नाही, आणि देणगी गेली. उद्धट हे विशेषण तेव्हापासून मला चिकटले आहे. आजही मी उठणार नाही.

मोठ्या नावांकडे पाहायचे तर त्याच नजरेने पाहा. 1946 मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवले, आणि पैशांऐवजी आपले संगीत त्यांच्याकडून समजून घेतले. संगीत कशासाठी, या केज यांच्या प्रश्नावर गीताबाईंनी आपल्या गुरूंचे म्हणणे सांगितले, की मन शांत करून ते दैवी प्रभावासाठी मोकळे करण्यासाठी. त्यानंतर सहा वर्षांनी केज यांनी ज्यात वादक काहीच वाजवत नाही अशी 4 मिनिटे 33 सेकंदांची रचना सादर करवली. ऐकणाऱ्यावर इतका भार टाकणारी दुसरी रचना मला माहीत नाही. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटके केली, आणि त्या शाळेचे नाव एका चळवळीचे नाव होऊन बसले. आणि लांब कशाला जायचे? 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य माणसाला गाण्याजवळ आणणारे विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत आश्रम काढून राहिले. त्या गावात कानसेन मिळत नाहीत, अशी तक्रार तू माझ्याकडे करू नयेस.

आता व्यवहाराचे बोलते, कारण बसायचे तर हात रिकामे हवेत. दुपारी चारला सगळी यंत्रे जोडून ठेवा, आणि सगळ्यांना वीज एकाच बोर्डावरून द्या. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटवरून घेतली की अर्थिंगचे वेटोळे होते आणि स्पीकरमधून 50 हर्ट्झची घुं सुरू होते, जी शोधायला मग तुम्ही ऐन प्रयोगात धावता. पायझो चकती लावलीत तर तिची वायर आखूड आणि जाळीदार आवरणाची घ्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा साडेनऊला संपेल असाच बेत करा. दाराशी गटातला एक जण पाळीपाळीने बसेल, आणि त्या दिवशी तो आयोजक नसेल. प्रयोग संपल्यावर "छान" हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. कुठल्या क्षणी काय ऐकू आले ते सांगायचे, नाही तर गप्प राहायचे.

ओळखीची गाणी घालण्याचा विचार मला पटत नाही, पण तू पाच संध्याकाळी समोर बसून ऐक आणि मग मला विचार. त्या वेळी मी हट्ट करणार नाही. आत्ता विचारशील तर ऐकणार नाही, कारण जे तू ऐकलेलेच नाहीस त्यात भर घालण्याचा तुला अजून अधिकार नाही. रागावू नकोस. अकरा माणसे नाशकात एका शनिवारी पाण्याचा, पत्र्याचा आणि शिट्टीचा आवाज ऐकायला येतात, याचे मला किती अप्रूप वाटते ते तुला कळणार नाही.

येत्या शनिवारी मी सहा वाजता येते. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझी, शेजारची माझी. दाराच्या किल्ल्या शुक्रवारीच दुसऱ्या कोणाकडे देऊन टाक, आणि कोणाकडे दिल्या ते मला कळव.

तुझी,
काकू