१५ लाखांत भारतात खरी स्पोर्ट्स कार मिळते का? गाडीवेडे यावर एवढे का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की नोकरी नाशिकला आहे, बजेट ऑन-रोड १५ लाखांचं आहे, रविवारी घाटात गाडी काढायची हौस आहे, आणि ज्याला विचाराल तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो ह्युंदाईची आय-२० एन लाइन घे, दुसरा म्हणतो ती स्पोर्ट्स कारच नव्हे, तिसरा स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस शोधायला लावतो. मी चाकण पट्ट्यात ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं काम करतोय आणि या वादात तेवढीच वर्षं तावातावाने भाग घेतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे ‘स्पोर्ट्स कार’ या शब्दावर भांडतात. माझं म्हणणं, आधी ‘परवडणारी’ हा शब्द नीट लावून घ्या.

कट्टर मंडळींची व्याख्या पक्की आहे: दोन सीट, कमी वजन, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. त्यांचं दैवत म्हणजे माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात. १९८९ साली ती शिकागोच्या प्रदर्शनात आली तेव्हा १.६ लिटरचं इंजिन होतं, ताकद ११६ हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आत. आजच्या मध्यम सेडानलाही एवढी ताकद असते. तरी २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे ती अधिकृतपणे कधी विकायलाच आली नाही; माझदा हे नाव आपल्या पिढीला स्वराज माझदाच्या ट्रक-बसमुळे माहीत.

माझा मावसभाऊ श्टुटगार्टला असतो, त्याच्याकडे पहिल्या पिढीची एमएक्स-५ आहे. ब्लॅक फॉरेस्टच्या रस्त्यावर त्याच्या शेजारी बसून दोन तास फिरलो. स्पीडोमीटर ऐंशीच्या वर क्वचितच गेला. पण प्रत्येक वळणात गाडी कुठल्या चाकावर रेललीय, हे बसल्या जागी कळत होतं. मागची चाकं ढकलतात, पुढची फक्त वळतात. एका चाकावर दोन कामांचा बोजा नाही. तेव्हापासून कट्टर लोकांना ‘पुस्तकी’ म्हणणं मी सोडून दिलं.

तरीही त्यांची व्याख्या आपल्या बाजारात लागू पडत नाही, आणि त्याचं कारण करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या कारची व्याख्या ठरली: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या चौकटीत बसलात तर कर कमी, बाहेर गेलात तर जास्त. जीएसटी आला तरी चौकट टिकली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के असा सरळ फरक आहे. परदेशातून तयार गाडी आणायची तर शुल्क आणि कर मिळून किंमत दुपटीच्या घरात जाते. अशा देशात दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी १५ लाखांत कोण आणेल? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची गाडी आली होती. फायबरची बॉडी, दोन सीट, उघडं छत, आणि रेनोचं १.२ लिटरचं जेमतेम ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. दिसायला स्पोर्ट्स कार होती, पण रस्त्यावर फारशी दिसलीच नाही.

म्हणून आपल्याकडे स्पोर्ट्स कारची जागा हॅचबॅकने घेतली. युरोपातही हे घडलंय: फोक्सवॅगनची १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय म्हणजे साध्या घरगुती गाडीत ११० पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) इंजिन. आपली कहाणी मात्र बरीचशी महाराष्ट्रातच लिहिली गेली, आणि हे लिहिताना माझा ऊर भरून येतो. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात पद्मिनी बनायची तिथूनच २००१ मध्ये फियाटची पॅलिओ १.६ निघाली, शंभर हॉर्सपॉवरची. त्या काळी हॅचबॅकला एवढी ताकद म्हणजे अप्रूप होतं. पॅलिओच्या एस-१० आवृत्तीवर सचिनची सही होती. मग रांजणगावातून २०१५ मध्ये फियाटचीच अबार्थ पुंटो आली: १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. एवढ्या पैशांत हॅचबॅकला एवढी ताकद भारतात त्याआधी कुणी दिली नव्हती. चाकणला फोक्सवॅगनची पोलो बनत होती. २०१३ ची जीटी टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल) १०५ पीएसची आणि डीएसजी या सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, २०२० नंतरची एक लिटरची ११० पीएसची. शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडली जायची. चाकणची व्हर्टस १.५ टीएसआय आजही मिळते, १५० पीएस. लांबी साडेचार मीटरच्या वर, म्हणून कर ४० टक्के, आणि म्हणून ऑन-रोड तुमच्या बजेटच्या बाहेर.

टाटांनी कोइंबतूरच्या जयेम कंपनीबरोबर केलेली टियागो जेटीपीही सांगायला हवी. २०१८, ११४ पीएस, किंमत साडेसहा लाखांच्या आत. दोन वर्षांत बंद पडली. अबार्थ बंद, पोलो २०२२ मध्ये बंद, मारुतीची बलेनो आरएस बंद. भांडणाच्या वेळी जो-तो ‘लोकांना हव्यात अशा गाड्या कंपन्या आणत नाहीत’ म्हणतो. त्यांनी आणल्या होत्या. आम्हीच कौतुक केलं, चर्चा केल्या, आणि शोरूममध्ये जाऊन ॲव्हरेज विचारून परत आलो. हे मला अजून बोचतं.

आता ‘परवडणारी’कडे येतो.

२०१३ साली माझ्याकडे एक सेकंडहँड टर्बो हॅचबॅक होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. पगारातून साठवलेले चाळीस हजार मी इंजिनाचं रिमॅपिंग, म्हणजे त्याचा संगणकी प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं, यात घातले. गाडी पिसाट पळायला लागली. पहिल्या पावसात ताम्हिणीत उतारावर तिसऱ्याच वळणाला ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ झालं, पुढची चाकं सरळच निघाली आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन बसली. दरीच्या बाजूला गेली असती तर हे उत्तर लिहायला मी नसतो. नंतर पाहिलं: टायर सात वर्षांचे, दगडासारखे कडक, ब्रेक ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललंच नव्हतं. ब्रेकच्या धंद्यातला माणूस असून मी आधी ताकद विकत घेतली.

हिशेब साधा आहे. अकराशे किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबवली की ब्रेकमध्ये सव्वाचार लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात सव्वा लिटर गार पाणी उकळीला येतं. वेग दुप्पट केला की उष्णता चौपट. घाटात हे दर वळणाला होतं. डॉट-४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेल्या ऑइलला हीच हमी १५५ अंशांची उरते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, म्हणून पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला फार तर दोन-एक हजार लागतात. इंजिनाच्या रिमॅपिंगवर तासन्‌तास बोलणारे यावर एक वाक्य लिहीत नाहीत.

म्हणून माझ्या लेखी परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे जिचे चार चांगले टायर, ब्रेक पॅड आणि विमा वर्षानुवर्षं भरताना तुमचा हात आखडत नाही. जिला आरपीएम मीटरच्या लाल रेषेपर्यंत रेस देताना पोटात गोळा येत नाही. जुनी ऑक्टाव्हिया आरएस फार सुंदर गाडी आहे, २३० पीएस, रस्त्याला चिकटून राहते. पण ती घेताना परवडली तरी तिचे महागडे टायर आणि डीएसजीचा एखादा मोठा खर्च निघाला की गाडी कव्हरखाली उभी राहते. मी अशा तीन गाड्या डोळ्यांनी पाहिल्यात. अबार्थचंही तसंच, प्रदूषणाचे बीएस-६ नियम यायच्या आधीच फियाटने इथलं दुकान गुंडाळलं, त्यामुळे सुटा भाग शोधणं हा स्वतंत्र छंद होतो. ज्याला तो छंद आवडतो त्याने जरूर घ्यावी, तसे लोक मला आवडतात. तुम्हाला रोज नोकरीवरही जायचंय.

तुमच्या पैशांत मी काय करीन? नवी घ्यायची तर आय-२० एन लाइन, एक लिटर टर्बो, १२० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. ऑटोमॅटिक नको. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन साध्या आय-२०पेक्षा घट्ट आहे, आणि नाशिकच्या रस्त्यांना तेवढं पुरे. जुनी चालणार असेल तर २०२०-२२ ची पोलो टीएसआय मॅन्युअल. मी स्वतः तीच चालवतो, तेव्हा माझं मन तिकडे झुकतं हे धरून चाला. निम्म्या पैशांत मिळाली तर उरलेल्यातून आधी टायर. इंजिनाला हात लावू नका: वॉरंटी जाते, विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं, आणि गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

शून्य ते शंभरचे आकडे वादात सारखे फेकले जातात. ते घाटात काही कामाचे नाहीत; कसारा घाटात शंभरला जाणारा माणूस स्वतःचा आणि समोरच्या ट्रकवाल्याचा शत्रू आहे. तिथं लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला खेच, वळणाआधी नेमका लागणारा ब्रेक, आणि वळणात बसकण न मारणारं सस्पेन्शन.

आणि खरंच गाडीचा कस बघायचा असेल तर सार्वजनिक रस्ता सोडा. आपल्या भागात अधूनमधून ऑटोक्रॉस होतात. मोकळ्या मैदानावर कोन लावलेले, समोरून कुणी येणार नाही, हेल्मेट सक्तीचं. साध्या स्विफ्टवाल्या पोराने दीडशे पीएसच्या गाडीला मागे टाकलेलं मी तिथं पाहिलंय, आणि एरवी कीबोर्डवर तुटून पडणारे दोघे नंतर एकाच बॉनेटवर वाकून टायरमधली हवा तपासत होते.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा टायरच्या बाजूला ‘DOT’ या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१८ असेल तर टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. मग मालकाला विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं. त्याला तारीख आठवली, बिल दाखवता आलं, तर बाकीची बोलणी करा. दोन गाड्यांमध्ये अडलात तर दोन्हींचे फोटो आणि सर्व्हिसच्या नोंदी इथेच टाका, मी बघून सांगतो.