गोळी लागलेला कॅमेरा आणि आपली गल्ली

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर तू डॉन मॅककलिन या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या निकॉन कॅमेऱ्याची गोष्ट सांगत होतीस. १९७० साली कंबोडियात एके-४७ ची गोळी कॅमेऱ्यात घुसली आणि माणूस वाचला. सांगताना तुझे डोळे चमकत होते. मग एकदम हिरमुसून म्हणालीस, "काका, ठाण्यात राहून मला काय मिळणार?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं, म्हणून हे पत्र.

गोळीची गोष्ट खरीच आहे. पण तू त्याचा छापून आलेला पहिला फोटो शोधून बघ. १९५९ साली लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये आला होता. फिन्सबरी पार्क या त्याच्याच वस्तीतली टोळकीवाली पोरं, कडक सूट घालून एका पडक्या इमारतीत उभी आहेत. त्या भागात एका पोलिसाचा खून झाला म्हणून वर्तमानपत्राला तो फोटो हवा झाला. पण काढला तेव्हा तो ओळखीच्या पोरांचा फोटो होता. ती त्याच्याबरोबर शाळेत होती. वडील लवकर गेले, त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं. हवाई दलात असताना घेतलेला रोलिकॉर्ड कॅमेरा त्याने घरी आल्यावर गहाण टाकला होता, तो आईने पैसे भरून सोडवून आणला. त्या माउलीबद्दल मला फार वाटतं.

मग सायप्रस, व्हिएतनाम, नायजेरियातलं बियाफ्रा, अशी युद्धं. सायप्रसच्या फोटोला १९६४ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. १९७१ च्या पावसाळ्यात तो आपल्याकडेही आला होता, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत. पण तू बसून बघावास तो फोटो १९६८ चा, व्हिएतनाममधल्या ह्यू शहरातला. एक अमेरिकन मरीन दोन्ही हातांनी बंदूक घट्ट धरून बसलाय. मॅककलिनने लागोपाठ पाच फ्रेम घेतल्या आणि पाचही फ्रेममध्ये त्या पोराची पापणी लवलेली नाही. मागे स्फोट नाही, धूर नाही, रक्त नाही. त्या बोटांची पकड तेवढी बघ.

बैरूतची एक गोष्ट त्याने स्वतःच सांगितली आहे. १९८२ साल. बॉम्बने इमारत पाडली, एका बाईचं सगळं घर त्यात गेलं. तिचा आक्रोश चालला होता, याने एक फोटो घेतला. ती धावून आली आणि याला मारत सुटली. थोड्याच वेळात त्याला कळलं, तीही दुसऱ्या स्फोटात गेली. तिला विचारायचं राहिलं ते राहिलंच.

माझंही असंच एक राहिलं आहे. तुला आजवर सांगितलं नव्हतं. तीसेक वर्षं झाली असतील, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याला आग लागली. गेटबाहेर एक बाई उभी होती. हातात तीन ताळी स्टीलचा डबा, वरून फडकं बांधलेलं, फडक्याची गाठ तिने मुठीत आवळून धरली होती. नवऱ्याचा डबा द्यायला आली होती. मी चार फ्रेम मारल्या आणि डेडलाइन गाठायला स्टेशनकडे पळालो. दुसऱ्या दिवशी पान एकवर चार कॉलम. फोटोओळीत छापलं, 'चिंताग्रस्त महिला'. ऑफिसात पाठ थोपटली गेली. आठवड्याने दहा-अकरा वर्षांचा मुलगा कात्रण घेऊन आला. म्हणाला, "ही माझी आई आहे. तिचं नाव का नाही लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याला मोठी प्रिंट करून दिली, नाव विचारून मागे लिहिलं. त्याचा बाप त्या आगीत गेला होता.

म्हणून तुला गल्लीतून सुरुवात करायला सांगतो. परमुलखात फोटो काढून विमानात बसता येतं. इथे ज्याचा फोटो काढशील तो उद्या भाजी घेताना भेटेल, परवा लोकलच्या दारात भेटेल, "माझा असा का काढलास?" म्हणून विचारेल. त्याच्या नजरेला नजर देता यायला हवी. ही सवय अंगात मुरली नसेल तर सीमेवर जाऊन ती येणार नाही. मॅककलिनने सायप्रसमध्ये एका चालता न येणाऱ्या म्हातारीला उचलून गोळीबारातून बाहेर नेलं होतं. कॅमेरा कधी खाली ठेवायचा हे त्याला उमगलं होतं.

तू एकच जागा धर. जांभळी नाक्याच्या भाजीवाल्या घे, नाहीतर वागळेची बंद पडत चाललेली वर्कशॉप. वर्षभर जा. पहिला महिना कॅमेरा पिशवीतच राहू दे, चहा पी, नावं पाठ कर. प्रत्येकाला त्याची प्रिंट नेऊन दे, व्हॉट्सअॅपवर नाही, कागदावर. मॅककलिनचं 'अनरिझनेबल बिहेविअर' हे १९९० चं आत्मचरित्र मिळवून वाच. 'युद्ध छायाचित्रकार' म्हटलेलं त्याला आवडत नाही. त्याचं कारण तुला त्यात सापडेल.

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये, काकू पोहे करणार आहे. माझा जुना लूप (फोटो बघायचं भिंग) आणि निगेटिव्ह बघायचा लाइट बॉक्स माळ्यावरून काढून ठेवतो. त्या आगीची कॉन्टॅक्ट शीटही आहे, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम एकाच कागदावर छोट्या छापलेल्या, डब्याच्या चारही फ्रेम तुला दाखवायच्या आहेत. छापली ती तिसरी होती. चौथीत ती सरळ माझ्याकडे बघते आहे, आणि ती मी तेव्हा निवडली नव्हती.

तुझा
काका