नायर की लातूर, हे नंतर ठरवू

प्रश्न : मुलीला एमबीबीएस प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मुंबईचं नायर मेडिकल कॉलेज मिळालंय. तिची पहिली पसंती केईएम होती, ही दुसरी. तिला सर्जन व्हायचंय. पण पत्नीचं आठवड्यातून तीनदा, सकाळी अकरा ते दुपारी तीन डायलिसिस असतं आणि सोबत मुलगीच जाते. मला दुकान सोडता येत नाही. मुलगा अकरावीत आहे, त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको. म्हणून दुसऱ्या फेरीत लातूरचं सरकारी कॉलेज पसंतीक्रमात वर टाकायचं आणि वर्षभराने मुंबईला बदली करून घ्यायची, असं ठरवलंय. मुलगी समजूतदार आहे, ऐकेल. – एक पालक, लातूर

उत्तर : ‘समजूतदार आहे, ऐकेल’ या वाक्यापाशी मी थांबलो. मुलीबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय. मुलाच्या अभ्यासात व्यत्यय नको, हे मान्य. मग मुलीने नीटचा अभ्यास केला तो काय डायलिसिस सेंटरच्या बाकड्यावर बसून? बहुधा तसाच केला असणार, आणि तरी नायर मिळवलं. त्याबद्दल तिला घरातून काही मिळायला हवं होतं. मिळाली ती आणखी एक जबाबदारी.

आता हिशेब करू. ती लातूरला राहिली तरी तुमची अडचण सुटत नाही. एमबीबीएसला परीक्षेला बसायला थिअरीत 75 टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी लागते. कॉलेज आठवड्याचे सहा दिवस, त्यातले तीन दिवस ऐन दुपारी ती आईजवळ. म्हणजे निम्म्या दिवसांची मधल्या तासांची हजेरी गेली. शिवाय अ‍ॅनाटॉमीचं डिसेक्शन, म्हणजे मृतदेह उघडून शरीररचना शिकणं, पुन्हा होत नाही. काखेतलं नसांचं जाळं ज्या दिवशी टेबलावर उघडलं, त्या दिवशी ती तिथे नसेल तर पुढे ते पुस्तकातल्या चित्रात बघायचं. सर्जन व्हायला निघालेल्या मुलीला हे परवडणारं नाही. घरून कॉलेज केलं की दोन्ही सांभाळता येतं, असं नातेवाईक सांगतील. त्यांना वेळापत्रक दाखवा.

वर्षभराने बदली, हा तर मोठाच गैरसमज. पूर्वी पहिलं वर्ष पास झाल्यावर, दोन्ही कॉलेजांची ना हरकत घेऊन, मोजक्या जागांवर मायग्रेशन व्हायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीने ते बंद केलं. यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, पण कोर्टाच्या भरवशावर सीट सोडू नका. आणि सीट सोडणं म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. दुसऱ्या फेरीत लातूर वर टाकलं आणि मिळालं, की नायरची जागा आपोआप रद्द होते, पुढच्या विद्यार्थ्याला जाते. ‘बघू, नाही जमलं तर परत जाऊ’ ही सोय त्यात नाही. नायरच ठेवायचं असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म, म्हणजे मिळालेली जागा कायम ठेवण्याचा अर्ज, मुदतीत भरून द्या.

लातूर वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. दोन्हीकडे पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, दोन्हीकडे एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा बाँड, आणि पीजी, म्हणजे पदव्युत्तर जागा, मिळते ती नीट पीजीच्या रँकवर. सर्जरीचं दार लातूरहूनही उघडतं. आईजवळ राहावं असं तिला स्वतःला वाटत असेल, तर तिने खुशाल लातूर घ्यावं आणि मी तिच्या बाजूने असेन. पण ती शिकायला लातूरला राहील, सोबतीला म्हणून नव्हे.

म्हणून आधी डायलिसिसचं बघा. बहुतेक सेंटरमध्ये दोन-तीन पाळ्या असतात. पहाटेची मागून घ्या, दुकान उघडायच्या आत तुम्ही मोकळे व्हाल. ती मिळेपर्यंत पगारी सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होत नसेल, तर योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. वाचलेल्या पैशात सोबतीचा पगार निघेल. किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे का, हे नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

आजारी असलेल्या आईचं मत काय, तेही पत्रात नाही. मायलेकींना एका संध्याकाळी दोघींनाच बोलू द्या. तुम्ही दुकानात थांबा. पसंतीक्रम त्यानंतर भरा, आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असला तरी भरू द्या तिलाच. डायलिसिसच्या एखाद्या दिवशी धाकट्याला सेंटर दाखवून आणा. आईला मशीनवर कोणत्या बाजूने बसवतात, हे घरात अजून एकाला माहीत असू दे.