नाव विचारलंस का?

प्रिय,

तुझी फाईल उघडली. कामावरच्या माणसांचे साठ फोटो आणि खाली एकच प्रश्न: 'यातून माझी शैली दिसते का?' शैलीचं नंतर बघू. सोळाव्या फोटोत शिलाई मशीनवर वाकलेल्या बाई आहेत, त्यांचं नाव काय? मशीन त्यांचं की मालकाचं? पैसे नगावर मिळतात की महिन्याला? यातलं फोटोत काही दिसत नाही आणि फाईलमध्येही लिहिलेलं नाही. तू तिथे उभी होतीस. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आता सगळेच फोटो काढतात, यंत्रंही चित्रं बनवतात, मग माझ्या फोटोंची कुणाला गरज, असं तू विचारतेस. नोंद नसलेल्या फोटोंपुरतं तुझं म्हणणं खरं आहे. नाव गेलं की त्या बाई 'कष्टकरी स्त्री' होऊन बसतात. मग तोच फोटो शोषणावरच्या लेखाला चालतो, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीला चालतो आणि महिला दिनाच्या शुभेच्छांनाही चालतो. गरिबी कशी दिसते, सुखी म्हातारपण कसं दिसतं, हे आपण सगळे अशाच बेनाव फोटोंवरून शिकलो. पुढचा फोटोग्राफरही तेच शोधत हिंडतो. तुझ्या साठातले निम्मे तसे आहेत: खिडकीतून येणारा तिरपा उजेड, खाली घातलेली मान. उजेड छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने मार्च १९३६मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला स्थलांतरित आईचा फोटो तुला पाठ असेल. लँग एरवी नोंदी नेटाने ठेवायची, पण त्या दिवशी वय टिपलं, ३२, आणि नाव विचारायचं राहिलं. फोटो जगभर गेला, एका आख्ख्या महामंदीचा चेहरा ठरला. ती बाई फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे आणि मूळची चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीतली आहे, हे लोकांना कळायला १९७८ उजाडलं. कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतलं, असं लँगने पुढे लिहिलं होतं. मुलांनी ते साफ नाकारलं. इतका मोठा फोटो, आणि त्यातल्या बाईला स्वतःबद्दल बोलायला चाळीसेक वर्षं थांबावं लागलं. कारण एक प्रश्न राहून गेला.

उलट लुइस हाइन हा दुसरा अमेरिकन फोटोग्राफर बघ. १९०८पासून तो अमेरिकेच्या बालकामगार समितीसाठी गिरण्या-खाणींत फिरला, कित्येकदा सोंग घेऊन. खिशात हात घालून टिपणं काढायचा. जाकिटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंच हे त्याला ठाऊक असायचं, त्यावरून पोराची उंची मोजायचा. नाव, वय, काम, तास, मजुरी, सगळं फोटोखालच्या ओळीत उतरायचं. मालकाला 'आमच्याकडे मुलं नाहीत' म्हणायची सोय त्या ओळींनी ठेवली नाही. पुढे त्याच नावांवरून कितीतरी मुलांचे वंशज शोधता आले. हाइनची शैली काय होती, असं विचारशील तर मी त्या ओळींकडे बोट दाखवेन.

यंत्रांचंही तेच. चित्र बनवणारी मॉडेल्स चित्र आणि त्याला जोडलेला मजकूर अशा जोड्यांवर शिकतात. २०२२मध्ये खुल्या झालेल्या लायन-५बी या संचात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. ज्या चित्राला 'म्हातारा हसतोय' एवढंच चिकटवलंय, त्यातून सरासरी म्हातारा बाहेर येणार. त्या बाईंचं नाव, तारीख आणि दर असलेली तुझी ओळ मात्र कुठलंही यंत्र घरबसल्या लिहू शकत नाही, कारण त्यासाठी तिथे जाऊन विचारावं लागतं.

आता कामाचं बोलू. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी तपास. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की तारीख मूळपदावर जाते, आणि मग सगळ्या फाईलींवर भलतंच वर्ष बसतं. दोन कॅमेरे वापरणार असशील तर सुरुवातीला दोन्हींनी फोनवरचं सेकंद दाखवणारं घड्याळ टिप. फरक कळला की एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फाईलींची वेळ नंतर एकदम सरकवता येते.

नाव ऐकून लिहू नकोस. वही पुढे कर, त्यांना स्वतः लिहू दे. लिहिता येत नसेल तर तू लिही आणि वाचून दाखव. माणसाचा शेवटचा फोटो झाला की लगेच वहीच्या त्या पानाचा फोटो घे. फ्रेमच्या क्रमानेच चेहरा आणि नाव जोडलं जातं, रात्री डोकं खाजवावं लागत नाही. चार-पाच जण असतील तर 'डावीकडून' म्हणून नावं लिही. फोनचा समोरचा कॅमेरा काही वेळा चित्र आरशासारखं उलटं साठवतो, तेव्हा डावीकडचा उजवीकडे जातो. मागची पाटी वाचून खात्री कर.

ओळी त्याच रात्री लिही, आठवड्याने नाही. पहिलं वाक्य फक्त चौकटीत काय घडतंय त्याचं: 'अमुक अमुक, वय ४६, शर्टाच्या बाहीला कफ जोडताना, अमुक ठिकाण, अमुक तारीख.' दुसरं वाक्य चौकटीबाहेरचं: दर, तास, मशीन कुणाचं. विशेषणं नकोत. 'उदास नजर' लिहिलंस तर मी खोडणार. मान खाली आहे एवढंच तुला दिसलं, ती सुईत दोरा ओवतही असेल.

हे सगळं फाईलच्या आतच माहिती साठवणाऱ्या आयपीटीसी रकान्यांत भर, वेगळ्या कागदावर नको. कागद आणि फोटो यांची ताटातूट हमखास होते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाईलींची ओळ बहुधा शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या जोडफाईलमध्ये बसते. फोल्डर हलवताना नुसत्या रॉ उचलल्यास की ओळी मागे राहिल्या म्हणून समज. मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवलंस तर नोंद बहुतेक वेळा गळून पडते, म्हणून संपादकाला मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठव. जीपीएसचं, म्हणजे फोटो कुठे काढला त्या ठिकाणाच्या नोंदीचं मात्र उलटं: ते मूळ प्रतीत राहू दे आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढून टाक. लहान मुलं असतील तर ही गोष्ट विसरायचीच नाही. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

नव्या काही कॅमेऱ्यांत फाईलवर डिजिटल सही होते, ती असेल तर चालू ठेव. ती सही फाईल कुठून आली आणि तिच्यात काय बदल झाले ते सांगते. बाईंचं नाव सांगत नाही.

घरातल्या जुन्या प्रिंट स्कॅन करायच्या म्हणतेस, तर मागची बाजूही स्कॅन कर. तिथेच कुणीतरी लिहिलेलं असतं. ४×६ इंची प्रिंट ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून घेतलीस की २४००×३६०० पिक्सेल मिळतात, पुरे आहे. स्वतः लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पिगमेंट शाईचं पेन घे आणि पूर्ण वाळल्याशिवाय प्रिंट एकावर एक ठेवू नकोस. थोरामोठ्यांना विचारायचं असेल तर याच महिन्यात विचार, सवडीने नको.

'फोटो स्वतः बोलला पाहिजे', असं तुला कुणीतरी सांगेल. मोठ्या रुबाबात सांगेल. ऐकून घे आणि वही काढ. फोटो बोलतो हे खरं, पण नाव गेलेला फोटो समोरच्याच्या मनात जे असेल तेच बोलतो. नोंदीचा आग्रह धरणाऱ्याला लोक कारकून म्हणतात. खुशाल म्हणू देत. कारकुनी नीट झाली नाही म्हणून खोटे ठरलेले फोटो कलेच्या कमतरतेने फसलेल्यांपेक्षा जास्त आहेत, यावर मी हुज्जत घालायला तयार आहे.

साठांपैकी ज्यांची नावं तुझ्याकडे नाहीत, त्यांच्याकडे परत जा. जाताना प्रत्येकाची ४×६ची प्रिंट घेऊन जा, हातात ठेव आणि मग विचार. कुणी नाव द्यायला नको म्हटलं तर 'नाव देण्यास नकार' असं लिही, तीही नोंदच आहे. कुणी फोटोच नको म्हटलं तर तो काढून टाक. पुढच्या खेपेला मला फोटो नकोत. नुसत्या ओळी पाठव, त्या वाचून कुठला फोटो कुठला ते मी ओळखतो का बघू.