मस्केटिअरच्या हातात बंदूक का दिसत नाही?

प्रश्न : ‘थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी शाळेत असताना संक्षिप्त रूपात वाचली होती, अलीकडे पूर्ण वाचली. मस्केट म्हणजे बंदूक, तर मग हे बंदूकधारी शिपाई जवळजवळ प्रत्येक वेळी तलवारच का उपसतात? आणि दार्तान्यां हा सैनिक असेल, तर तो युद्धात नेमके करतो तरी काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे निम्मे उत्तर त्या बंदुकीतच सापडते. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने १६२२ मध्ये आपल्या घोडदळाच्या एका तुकडीला मस्केटी दिल्या, तेव्हापासून हे पथक त्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या काळची मस्केट म्हणजे शिवकालाच्या इतिहासात आपल्याला भेटते ती तोड्याची बंदूक. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची, नळीच्या कानाशी (बाजूच्या भोकाशी) रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू घालायची, ती पेटवणारा तोडा म्हणजे जळती दोरी जपायची, आणि एवढे करून बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हत्यार इतके जड की नेम धरताना नळीखाली दुबेळके म्हणजे दोन फाट्यांची टेकण-काठी रोवावी लागे. असले ओझे मोर्चावर किंवा वेढ्यात कामाचे असले, तरी पॅरिसच्या गल्लीत कार्डिनल रिशल्यू या राजाच्या मुख्यमंत्र्याच्या शिपायाने टोमणा मारला तर ते काय कामाचे? तिथे कमरेची तलवारच हवी. शिवाय मस्केट ही नोकरीची वस्तू होती, तर तलवार हे कुलीनपणाचे चिन्ह होते, आणि खिशात दमडी नसलेल्या, दार्तान्यांसारख्या गास्कन (नैऋत्य फ्रान्समधल्या) तरुणाला तेच एक चिन्ह मिरवता येण्यासारखे होते.

उरलेले निम्मे उत्तर लेखक अलेक्झांडर द्यूमा याच्या आवडीनिवडीत आहे. १८४४ मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत त्याने सैनिकांची लढाई कमी आणि लढाई नसतानाचे त्यांचे दिवस जास्त रंगवले आहेत. उसनवारी, खानावळीची बिले, पत्ते, प्रेमप्रकरणे आणि बंदी असूनही होणारी द्वंद्वयुद्धे यांनीच पानेच्या पाने भरलेली आहेत. ही बंदी कागदावरची नव्हती. पॅरिसमध्ये भरचौकात द्वंद्व खेळल्याबद्दल बूतव्हिल या सरदाराचा १६२७ मध्ये खरोखरच शिरच्छेद झाला होता. आथोस, पोर्थोस आणि अरामिस या तीन मस्केटिअरांपैकी पोर्थोसचा तलवार अडकवायचा खांदपट्टा आठवा. समोरून तो सोनेरी कशिद्याने झगमगतो, पण दार्तान्यां धडकून त्याच्या झग्यात गुरफटतो तेव्हा पाठीमागचा भाग साध्या चामड्याचा असल्याचे त्याला दिसते. पुढे मोहिमेचा हुकूम सुटताच घोड्यापासून खोगिरापर्यंत सारा सरंजाम ज्याचा त्याने उभा करायचा असल्यामुळे दार्तान्यां धरून चौघांचेही धाबे दणाणते. सैनिकी पेशाचे इतके खरे वर्णन तोफांच्या धुरातून क्वचितच मिळते, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष युद्ध येते ते ला रोशेल या बंडखोर बंदराच्या वेढ्यात, आणि तिथला एक प्रसंग आपल्या दोन्ही प्रश्नांना पुरून उरतो. चौघांना मिलेडी या कादंबरीतील खलनायिकेच्या कारस्थानाबद्दल एकांतात बोलायचे असते, पण छावणीत भिंतींनाही कान आहेत. म्हणून सेंट जर्व्हेच्या बुरुजावर, म्हणजे शत्रूच्या थेट माऱ्यात, न्याहारी करून तिथे तासभर टिकून दाखवू अशी पैज आथोस लावतो. आपण बंदुका तरी आणायला हव्या होत्या, असे पोर्थोस वाटेत म्हणतो, तेव्हा आथोस त्यालाच वेड्यात काढतो, कारण आदल्या रात्री मेलेल्यांच्या बंदुका वर पडलेल्याच आहेत. म्हणजे मस्केटिअर भरपूर बार काढताना दिसतात तेही आपल्या मस्केटी छावणीत ठेवून! नोकर ग्रिमो बंदुका ठासून देतो, मधूनमधून हल्ले परतवले जातात आणि जेवण व मसलत पुढे चालू राहते. निघताना प्रेतांना भिंतीशी उभे करून त्यांच्या हाती बंदुका दिल्या जातात. निशाण म्हणून लावलेला हातरुमाल विसरलेला असतो, तो आणायला आथोस एकटा परत जातो, आणि त्या रुमालाला गोळ्यांची तीन भोके पडलेली असतात. हे ऐकून खुद्द कार्डिनल रिशल्यू खूश होतो आणि दार्तान्यांला पथकात घ्यावे असे सुचवतो. तोवर आपला नायक मस्केटिअर नव्हताच, दुसऱ्या पलटणीत चाकरी करत होता, हे संक्षिप्त आवृत्त्यांच्या वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

प्रश्न : दार्तान्यां खरोखर होऊन गेला का?

उत्तर : होय. शार्ल द बात्झ-कास्तेलमोर हे त्याचे नाव, आणि गास्कनीतील ल्युपियाक हे त्याचे गाव. मात्र कादंबरी एप्रिल १६२५ मध्ये सुरू होते, तेव्हा तिच्या नायकासारखा अठरा वर्षांचा होण्यास खऱ्या दार्तान्यांला अजून काही वर्षे बाकी होती. द्यूमाने आधार घेतला तो कुर्तील द सांद्रास याने १७०० मध्ये दार्तान्यांच्या नावावर खपवलेल्या ‘आठवणीं’चा. हे पुस्तक द्यूमाने मार्सेयच्या ग्रंथालयातून नेले आणि परत केलेच नाही, असे सांगतात.

खऱ्या दार्तान्यांची कारकीर्द कमी नाट्यमय नाही. अर्थमंत्री फुके याला सप्टेंबर १६६१ मध्ये नांत शहरात अटक करण्याचे नाजूक काम चौदाव्या लुईने त्याच्यावरच सोपवले, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्या कैद्यावर पहारा ठेवून त्याला पिन्येरोलच्या किल्ल्यात पोहोचवण्याचे कामही त्यानेच केले. पुढे तो मस्केटिअरांच्या पहिल्या पथकाचा प्रत्यक्ष प्रमुख झाला, कारण कप्तानपद नावापुरते राजाकडेच असे. २५ जून १६७३ रोजी मास्ट्रिख्टच्या वेढ्यात तो मारला गेला. द्यूमाने या कथेचे पुढचे भाग लिहिले, त्यांतील अखेरच्या खंडात मार्शलपदाचा, म्हणजे सर्वोच्च सेनापतीच्या मानाचा, दंड त्याच्या हाती येतो आणि त्याच क्षणी तोफेचा गोळा त्याला गाठतो. प्रत्यक्षात तो दंड त्याला कधीच मिळाला नाही.