मज्जेतून निघून मज्जेत?

प्रश्न असा आला आहे: रक्ताच्या कर्करोगावरच्या एका लेखात 'पेशी मज्जेबाहेर पडून मज्जासंस्थेत शिरल्या' असं वाक्य आहे. मज्जेतून निघून परत मज्जेतच? घोळ लेखकाचा की शब्दाचा?

शब्दाचा. मूळ मज्जा म्हणजे हाडातला गर. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंतला सहावा. पण मणक्यांच्या पोकळीतला मऊ दोरही हाडातच दडलेला. तो झाला मज्जारज्जू, मग मज्जातंतू, मग अख्खी मज्जासंस्था. ग्रीकमध्येही हीच गत, दोन्हींना 'मायलॉस'. त्यामुळे मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग, मायलायटिस ही मज्जारज्जूची सूज, आणि ऑस्टिओमायलायटिस म्हटलं की स्वारी परत हाडात! (लहान मुलांची 'मज्जा' वेगळी, ती फारसी 'मजे'ची.)

'एक्स्ट्रामेड्युलरी' (शब्दशः 'मज्जेबाहेरचा') हा इंग्रजी शब्दही तसाच फसवा. रक्तविकारतज्ज्ञ तो अस्थिमज्जेबाहेरच्या आजाराला वापरतात, मणक्याचे सर्जन मज्जारज्जूबाहेरच्या गाठीला. म्हणून माझं मत, 'मज्जाबाह्य' नको. लांबलचक वाटला तरी 'अस्थिमज्जाबाह्य' लिहावं.

क्रियापदाचंही पाहा. स्तनातली गाठ यकृतात 'पसरली' हे ठीक. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी मुळात रक्तातच फिरत असतात, आणि निरोगी पांढऱ्या पेशीही रक्तवाहिनीतून बाहेर पडून ऊतींत जातातच. मग 'पसरल्या' म्हणून नवं काय कळलं? मेंदूभोवतीच्या द्रवात किंवा वृषणात त्या सापडल्या तर 'शिरकाव' नेमका बसतो. कुठे गाठ करून बसल्या तर 'ठाण मांडलं'. मायलॉइड प्रकारच्या ल्युकेमियातल्या अशा गाठीचं जुनं नाव क्लोरोमा, म्हणजे हिरवी गाठ. पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकरामुळे ती कापल्यावर कधीकधी हिरवट दिसते.

आता त्या वाक्याकडे. 2018 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की तीव्र लिम्फोब्लास्टिक या प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशी मणक्यातल्या अस्थिमज्जेतून निघतात आणि हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून धरून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात उतरतात. वाहिनीच्या आतून वाहत नाहीत. चोर पाइपाला धरून उतरावा तशा. म्हणजे लेखकाचं वाक्य खरंच आहे, फक्त पहिल्या 'मज्जे'आधी 'अस्थि' राहिलं.